पाण्यातली फुली

वाहिनीत सगळे तिला नकाशेबाई म्हणायचे. तिचं खरं नाव हजेरीच्या मशीनला माहीत होतं, बाकी कुणाला त्याची गरज पडत नव्हती. बातम्यांच्या पडद्यावर जे जे चित्र दिसतं, म्हणजे हवामानाचे ढग, निवडणुकीचे रंगीत खांब, महागाईची वर चढणारी रेघ, ते सगळं ती तिसऱ्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या, स्टुडिओकडे तेवढी एक काच असलेल्या खोलीत बसून करायची. एरवी तिच्या खोलीत कुणी फिरकायचं नाही. युद्ध लागलं आणि तिचा भाव एकदम वधारला, कारण युद्ध म्हटलं की नकाशा आलाच. ज्यांना आपल्या गल्लीतून हमरस्त्याला कसं लागायचं ते धड सांगता येत नाही, ते लोकही खुर्चीत मागे टेकून, दूरच्या समुद्राकडे बोट दाखवून, कुणी कुठून चढाई करावी ते सांगायला लागले होते.

युद्ध तसं लांब होतं. दोन परके देश एका चिंचोळ्या समुद्रावरून भांडत होते. त्यातला एक आपला मित्र होता, निदान सरकार तसं म्हणत होतं. आपलं बरंचसं इंधन त्याच समुद्रातून यायचं. मग मित्राच्या मदतीला आपली लढाऊ जहाजं पाठवायची का, पाठवली तर काय किंमत पडेल, नाही पाठवली तर काय पडेल, यावर रोज संध्याकाळी वाहिनीवर वाद रंगायचा. मधोमध निवेदक. आपण क्षणभर गप्प बसलो तर जग बंद पडेल अशी त्या माणसाला धास्ती असावी. त्याच्या उजवीकडे निवृत्त जनरलसाहेब, डावीकडे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकबाई. साहेब म्हणायचे, समोरच्या देशाचं ते मोठं बंदर एकदा निकामी झालं की लढाई आटोपलीच, किंमत पडेल ती एकदाच. बाई म्हणायच्या, आटोपेल हो, पण आपल्याकडे ट्रकचं भाडं चढेल, खत महागेल, कारखाने निम्म्यावर येतील, त्याचं काय? दोघं एकमेकांवर तुटून पडायची आणि जाहिराती लागल्या की एकमेकांना गुडघेदुखीवरचं मलम सुचवायची.

त्या बंदरावर नकाशेबाईचा धाकटा भाऊ कामाला होता.

घरात त्याला माकड म्हणायचे. चालायला लागायच्या आधी तो कपाटावर चढला होता, असं आई सांगायची, आणि आईच्या सांगण्यातला निम्मा भाग सोडला तरी ते खरं होतं. मोठा झाल्यावर त्याने चढण्याचाच धंदा केला. क्रेन चालवायला शिकला, इथल्या गोदीत क्रेन बुटक्या म्हणून कुरकुरला, आणि शेवटी त्या परक्या बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला. तिथून फोन करून म्हणायचा, "ताई, इथून जहाजं काडेपेटीएवढी दिसतात. माणसं तर दिसतच नाहीत. मज्जा!"

मज्जा युद्धाबरोबर संपली. विमानं बंद झाली. कंपनीने बाहेरदेशच्या कामगारांचे पासपोर्ट जपून ठेवण्याच्या नावाखाली काढून घेतले. बंदरातून शहराकडे जाणारा रस्ता लष्कराने अडवला. क्रेन मात्र चालूच होती, कारण आता तिच्याखाली दारूगोळा उतरत होता. आपला मित्र देश ज्या बंदरावर डोळा ठेवून होता त्या बंदराच्या अगदी डोक्यावर हा पोरगा बसलेला. आणि इथे त्याच्या सख्ख्या बहिणीला रोज त्याच बंदराचा नकाशा काढायचा होता.

तिने संपादकांना हे सांगून पाहिलं होतं. ते मनापासून "अरे बापरे" म्हणाले. मग दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "पण हे बाहेर बोलू नकोस हं. उद्या कुणी म्हणायचं, हिच्या मनातलं नकाशात उतरतं."

उतरत होतंच. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. नकाशावर हल्ल्याची जागा दाखवायला लाल फुली असते. बंदराचा विषय निघाला की निवेदकाला फुली हवी असायची, 'संभाव्य लक्ष्य' म्हणून. नकाशेबाई फुली ठेवायची, पण बंदरावर नाही. नखभर बाजूला, समुद्रात. निळ्यावर लाल उठून दिसतं, असं कुणी विचारलंच तर सांगायचं तिने ठरवून ठेवलं होतं. खरं कारण एवढंच होतं की तिचा हात तिथे जात नव्हता. शिकलीसवरलेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी, पण माउस त्या ठिपक्याजवळ आला की फुली आपोआप पाण्यात पडायची. आपण ठेवली नाही तर तिथे काही होणार नाही, असं तिला वाटत होतं का? वाटत होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण वाटत होतं.

घरी आई शिलाई मशीनवर बसलेली असायची. लोकांचे कपडे सैल करून दे, आखूड करून दे, असली कामं ती घ्यायची. मशीन टीव्हीच्या समोर होतं. साहेब-बाईंच्या भांडणातलं तिला काही कळायचं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

"ती दोघं बोलत असली की मी खाली बघून शिवते," ती लेकीला म्हणाली होती. "तुझा नकाशा लागला की तेवढी मान वर करते. बंदर आहे ना जागेवर, ते बघते. आहे म्हटलं की झालं."

"अगं, नकाशात बंदर असणारच. मी काढते ते."

"तेच तर. दुसऱ्या कुणी काढला असता तर माझा विश्वास बसला नसता."

 

एकदा तिने धीर करून जनरलसाहेबांना गाठलं. ते मेकअपच्या खुर्चीत गळ्याला टॉवेल बांधून बसले होते आणि एक मुलगी त्यांच्या टकलावरची चमक पावडरीने घालवत होती. पडद्यावर वाघासारखा गुरगुरणारा माणूस टॉवेल बांधल्यावर कुणाच्याही घरातला आजोबा दिसतो. नकाशेबाईने मेकअपवाली बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची वळवली.

"कुठल्या धक्क्यावर आहे तो?"

"सगळ्यात उंच क्रेनवर."

 हल्ल्यात उंच क्रेनचं काय होतं ते साहेबांना माहीत असणार.

"त्याला सांग, निघ तिथून."

"पासपोर्ट नाही साहेब. रस्ता बंद आहे."

"मग निदान खाली उतर म्हणावं."

"खाली दारूगोळा आहे."

त्यांनी गळ्याचा टॉवेल सोडला आणि त्याची घडी घालत बसले. "बेटा, तुला वाटत असेल मला आतलं काही माहीत असतं. मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली. माझ्या हाताखालची पोरंसुद्धा आता निवृत्त आहेत. मलाही हे सगळं टीव्हीवरच कळतं." मग घडी बाजूला ठेवून म्हणाले, "तरी एक दोघांना फोन करतो." त्यांनी खरंच केले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी लांबूनच मान हलवली, आणि ती नाही अशी हलली. प्राध्यापकबाईंनाही कुणकुण लागली. त्या जिन्यात थांबून तिचा हात दाबून गेल्या. हल्ला व्हावा असं स्टुडिओतल्या कुणालाच मनातून वाटत नव्हतं, ही त्यातली मोठी गंमत. आणि त्या संध्याकाळी चर्चेचा मथळा होता, 'बंदर उडवलं तर?'

याच मथळ्याने पुढचा घोटाळा केला.

वाहिनीचा एक नियम होता. जे घडलेलं नाही ते चित्रात दाखवायचं असेल तर खालच्या कोपऱ्यात 'काल्पनिक चित्र' असं लिहायचं. नकाशेबाईने लिहिलं होतं. बंदर काळं केलं होतं, वर धूर, शेजारी, म्हणजे पाण्यात, लाल फुली. संपादकांना धूर आवडला. पण त्याच दिवशी वरून हुकूम आला की खालून सरकणारी इंधनाच्या भावाची पट्टी दुप्पट उंच करा, लोक भाव बघायला थांबतात. पट्टी करणारा वेगळा, नकाशा करणारी वेगळी. पट्टी उंच झाली आणि 'काल्पनिक चित्र' तिच्याखाली गडप झालं. देशभरच्या पडद्यांवर जळून गेलेलं बंदर लागलं आणि त्याच्या पायथ्याशी डिझेलचे भाव सरकत राहिले.

नकाशेबाईने फोन पाहिला तेव्हा आईचे कॉल येऊन बंद पडले होते. तिने उलट लावला. शेजारच्या काकूंनी उचलला.

"अगं, लवकर बोल तिच्याशी. मशीनची सुई बोटात घुसलीये आणि ती काढूच देत नाहीये. नुसती टीव्हीकडे बघतेय."

"आई! आई, खोटं आहे ते! मी काढलंय, उगाच काढलंय. चर्चेसाठी. तसं काही झालेलं नाहीये. खाली लिहिलं होतं, ते पट्टीने झाकलं!"

 पलीकडून आईचा बारीक आवाज. "बंदर काळं झालंय."

"थांब. फोन ठेवू नकोस."

ती खुर्चीतून अशी उठली की खुर्ची उलटी झाली. संपादकांना न विचारता, कुणालाच न विचारता तिने चित्र उतरवलं आणि आधीचा साधा नकाशा चढवला. जनरलसाहेब धुराकडे बोट करून काही सांगत होते, त्यांच्या बोटापुढे एकदम धडधाकट बंदर आलं. निवेदक गोंधळला, मग सवयीने बोलत सुटला.

"आता बघ आई. बघ."

"काढलंस?"

"काढलं."

आई रडली, आणि रडता रडता हसलीही. "फुलीपण काढलीस. अगं बाई! मला वाटलं..." मग काकूंना म्हणाली, "काढा हो आता सुई. माझ्या लेकीने काढून टाकलं सगळं."

संपादकांनी नकाशेबाईला चांगलंच फैलावर घेतलं, आणि ती खाली मान घालून ऐकत राहिली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. आई हसली होती.

दोन दिवसांनी माकडाचा फोन आला. कुणाच्या तरी फोनवरून, तुटक तुटक. पण आवाज तोच, चिडवणारा.

"ताई, तू मला मारलंस म्हणे!"

"गप रे! तुला कुणी सांगितलं?"

"इथे आपल्याकडचे आहेत ना, त्यांनी क्लिप दाखवली. सगळे हसत होते. एक म्हणाला, तुझी बहीण नकाशे काढते आणि तिला बंदर कुठंय ते ठाऊक नाही? फुली समुद्रात! ताई, अगं इतक्या वर्षांची नोकरी, आणि माझी क्रेन पाण्यात टाकलीस?"

ती हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "निळ्यावर लाल उठून दिसतं."

"काहीही! बरं, आई कशीये?"

"बरीये. तू जेवतोस ना? खाली उतरतोस ना अधूनमधून?"

"उतरतो की. पण वरच बरं वाटतं. खाली सगळे घाबरलेले असतात, वर नुसता वारा." मग आवाज जरा उतरला. "ताई, तुमच्या टीव्हीवर ते म्हातारे साहेब म्हणत होते, किंमत एकदाच पडेल. कधी पडेल म्हणाले का ते?"

"त्यांनाही ठाऊक नाही रे."

"मग बरंय," तो म्हणाला. पुढचं वाक्य तुटलं.

त्यानंतर वाद चालूच राहिला. आपली जहाजं पाठवायचा निर्णय एकदा झाला आणि एकदा मागे घेतला गेला. प्राध्यापकबाईंनी आकडे दिले, साहेबांनी ते खोडले, मग साहेबांनी आकडे दिले आणि बाईंनी खोडले. किंमत, फटका, झळ, भार, नाना शब्द आले. नकाशेबाई ऐकायची आणि तिच्या मनात यायचं, ही माणसं दिवसभर बोलतात आणि यांच्या बोलण्याने तिकडे एक बोटसुद्धा हलत नाही. आणि आपण दिवसभर नकाशा काढतो, त्याने काय हलतं? काही नाही. तरी फुली ती पाण्यातच ठेवत होती.

मग एका संध्याकाळी चर्चा सुरू व्हायच्या जरा आधी संपादक तिच्या खोलीत आले. नेहमी ते दारातूनच ओरडायचे. आज आत आले, आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. तिला तिथेच कळलं.

"बंदर गेलं," ते म्हणाले. "खात्री करून घेतलीये. तीन ठिकाणांहून."

तिने फोन घेतला. भावाचा नंबर लावला, मग ज्या फोनवरून तो मागे बोलला होता तो लावला. दोन्हींकडे एकच बाई एकच वाक्य बोलत होती, परक्या भाषेत.

"क्रेन?" तिने विचारलं.

"तेवढं बारीक अजून आलेलं नाही. धक्का पूर्ण गेलाय म्हणतात." ते उठले, परत बसले. "तू घरी जा. दुसऱ्या कुणाला तरी सांगतो."

दुसरं कुणीतरी म्हणजे नवा लागलेला पोरगा. तो जांभई देत देत फुली लावेल आणि वर धूर घालेल. हे तिला सहन झालं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. घरचं माणूस शेवटचं आपल्या हाताने आवरतात, तसं काहीसं.

"मी करते," ती म्हणाली.

"बरं." संपादक दारापाशी थांबले. त्यांना बोलायला फार जड जात होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "आणि ते... या वेळी जागेवर ठेव. मागे लोकांनी चूक काढली होती."

तिने नकाशा उघडला. काळं केलं नाही, धूर घातला नाही. फुली उचलली, पाण्यावरून नेली आणि ठिपक्यावर सोडली. हात जराही कापला नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

काचेपलीकडे स्टुडिओत दिवे लागले. निवेदकाने गंभीर चेहरा केला. त्याच्या मागच्या मोठ्या पडद्यावर तिचा नकाशा लागला. "साहेब," तो म्हणाला, "अखेर ते घडलं. तुम्ही म्हणत होतात ती किंमत..."

"हो," जनरलसाहेब म्हणाले. "धोरण म्हणून पाहिलं तर किंमत..." त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग काचेतून तिच्या खोलीकडे. बोट उचललेलं तसंच हवेत राहिलं. त्यांनी पाणी मागितलं. वाक्य पुरं झालंच नाही. निवेदकाने ते झटकन प्राध्यापकबाईंकडे ढकललं आणि बाईही डोळे पुसत, अडखळत, ट्रकच्या भाड्याबद्दल काहीतरी सांगू लागल्या. त्यांना तिथे त्याच्यासाठीच बोलावलं होतं, दुसरं काय सांगणार?

टेबलावरचा फोन थरथरला. आई.

नकाशेबाईला तो उचलवत नव्हता आणि न उचलून भागणार नव्हतं.

"हॅलो," आईचा आवाज अगदी साधा होता. कामात असल्यासारखा. "अगं, तुमची ती पट्टी परत वर आली बघ."

"आई..."

"अक्षरं झाकली गेलीत. 'काल्पनिक' लिहितेस ना तू, ते दिसतच नाहीये. लोक घाबरतील. मी नाही हो घाबरले या वेळी. मशीनपण थांबवलं नाही. काकू धावत आल्या, त्यांना म्हटलं, बसा, माझ्या लेकीची पट्टी वर आलीये, आत्ता काढेल ती."

नकाशेबाईने पडद्याकडे पाहिलं. मागच्या घोटाळ्यानंतर पट्टी पुन्हा लहान केलेलीच होती. नकाशाचा खालचा कोपरा मोकळा होता, त्यावर काहीच नव्हतं आणि त्याच्याखाली काही झाकलेलंही नव्हतं.

"फुली पण चुकून बंदरावर पडलीये," आई म्हणाली. "तू नेहमी पाण्यात ठेवतेस ना? मला ठाऊक आहे. मी रोज बघते."

तिला वाटलं होतं, ती चूक नव्हती हे कुणालाच ठाऊक नाही.

"काढतेस ना?"

"हो आई," ती म्हणाली. तिला दुसरं काही बोलताच आलं नाही.

"मागच्या वेळी लगेच काढलं होतंस. आज इतका वेळ का लागतोय गं?" आता तो आवाज पहिल्यांदा किंचित हलला, आणि तिने तो परत सावरला. "असू दे. तू कर सावकाश. मी टीव्हीसमोरच उभी आहे. फोन ठेवत नाही."

नकाशेबाईने माउसवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. पलीकडे शिलाई मशीन थांबलं होतं, आणि आई थांबली होती.